लाइट गेली, टेक घ्या!

मनोरला हायवेला खेटून घर आणि त्याच घरात गाण्याचा स्टुडिओ, याला छाती लागते. ती स्टुडिओवाल्या भाऊंकडे आहे. लग्नाची गाणी, भजनं, तारपा, सगळं मागच्या खोलीत रेकॉर्ड होतं. पाहुण्याला ‘बसा’ म्हणायच्या आधी भाऊ ‘मोबाइल बंद करा’ म्हणतात. चहा विचारत नाहीत, कपबशी वाजते.

भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. खोलीतला घुमारा त्यांनी जरासा मरतो, पण अहमदाबादकडे निघालेल्या कंटेनरला त्याचं काय? त्याची खर्जातली घरघर भिंतीतून आरपार येते. खरी कामाला आली ती आईंनी शिवलेली गोधडी. सगळ्या गोधड्या टांगल्यावर आवाज असा कोरडा, स्वच्छ यायला लागला की भाऊंचे डोळे पाणावले. आईंचेही, पण ते थंडीने.

विद्या मात्र पक्की. गाणाऱ्याला माइकच्या जवळ ओढतात. अंतर निम्मं केलं की गळा साधारण ६ डेसिबलने चढतो, ट्रक आहे तिथेच राहतो. माइकची पाठ हायवेकडे. तो मागचं कमी ऐकतो, सोयीपुरतं ऐकणाऱ्या सासऱ्यासारखा. फ्रिज बंद, पंखा बंद. तरी स्पीकरमध्ये ५० हर्ट्‌झची गुणगुण राहतेच. मग भाऊ अर्थिंगला शिव्या देत एकेक प्लग उपसतात आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतात. त्यामुळे लाइट गेल्यावर खूश होणारा गावात हा एकच माणूस. ‘गेली! घ्या, टेक घ्या!’ तेवढ्यात शेजारचा जनरेटर धडधडतो.

पावसाळ्यात पत्रे वाजतात, म्हणून स्टुडिओ बंद.

परवा तारपावाले काका आले होते. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा ऐकवावा लागतो. भाऊ म्हणाले, ‘काका, जरा गप ऱ्हावा.’ काका तोंडाने गप राहिले, पण गाल फुगलेलेच होते. तारप्याचा सूर मध्ये श्वासाला थांबत नाही, तो चालूच होता. भाऊंचं सगळं लक्ष बाहेरच्या ट्रककडे. त्यांनी तोच तुकडा ‘हा गोंगाट’ म्हणून दाखवला आणि सॉफ्टवेअरने इमानेइतबारे अख्ख्या गाण्यातून तारपा पुसून काढला.

काकांनी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

‘हॉर्न बेस आलाय,’ म्हणाले. ‘आता माझा तारपा लाव.’