बिनवडीलधाऱ्यांचं वऱ्हाड

बाई बाई बाई, बसच्या मधोमध खांब! स्टीलचा, चकचकीत, तळापासून छतापर्यंत. लेकीने फोनवर बसचा फोटो दाखवला तेव्हा मी भाबडेपणाने म्हटलं, "बरं केलं. उभ्या माणसाला धरायला काहीतरी लागतंच. आपल्या लोकलमध्ये दारात असतो तस्साच आहे." लेक जावयांकडे बघायला लागली, जावई छताकडे, आणि नात तोंडावर हात दाबून जिना चढून वर पळाली. मला उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. हा खांब धरायचा नाही, त्याच्याभोवती नाचायचं! आणि असल्या बसमध्ये सतरा-अठरा वर्षांची बावीस पोरंपोरी बसणार, नटूनथटून, रात्रीची, सोबत एकही वडीलधारं माणूस नाही. बरं, बस ठरवली कुणी? त्यांच्या आईबापांनीच, वर्गणी काढून!

एवढा ऐवज पोटात राहणार कसा? दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मी बाकावर नेला. एडिसनमध्ये, ओक ट्री रोडपासून फार लांब नाही अशी एक बाग आहे. तिथे सहा महिन्यांसाठी आलेल्या आमच्यासारख्या आज्यांचं रोज अधिवेशन भरतं. नाशिकच्या बाई, बडोद्याच्या बा, हैदराबादच्या अम्मा आणि मी. भाषा तीन, विषय एक. एरवी सुनेचा डिशवॉशर आणि जावयाचं कोलेस्टेरॉल यांवर भागवावं लागतं. एप्रिल-मे आला की मात्र चंगळ असते, कारण घरोघरी प्रॉम.

प्रॉम म्हणजे हायस्कूल संपता संपता होणारा शाळेचा नाच. आपल्याकडे सेंड-ऑफला मुली आईची साडी नेसून, जागोजागी पिना टोचून घेऊन तिघी-तिघी एका रिक्षात बसून जायच्या. वडापाव, समोसा, दोन भाषणं, चार हुंदके, झालं. (पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळांत आता प्रॉम होऊ लागलेत, तेव्हा फार हसू नका.) इथे मुलींना पायघोळ गाऊन, मुलांना भाड्याचा सूट, मुलीच्या मनगटावर फुलांचा गजरा आणि मुलाच्या कोटाला त्याच रंगाचं फूल. 'माझ्याबरोबर येतेस का' हे विचारायचं तेसुद्धा पोस्टर रंगवून, चारचौघांत. बाकावर सर्वानुमते ठरलं की हे लग्नच आहे, फक्त भटजी नाही आणि नवरा-नवरी अकरा जोड्या.

'प्रॉम' हा शब्द 'प्रॉमनाड'चं लाडकं रूप आहे, म्हणजे रमतगमत पायी फिरणं. नावात चालणं, आणि नाच ज्या हॉलमध्ये तो घरापासून वीस मिनिटांवर असूनही पायी तर सोडाच, साध्या गाडीनेही कुणी जायला तयार नाही!

"पण जावयांकडे दोन गाड्या आहेत, नातीकडे लायसन आहे, मग बस कशाला?" बडोद्याच्या बांचा प्रश्न. मलाही तोच पडला होता. तर ऐका. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतं ते कच्चं लायसन. रात्री अकरा वाजून एक मिनिट झालं की पहाटे पाचपर्यंत त्यावर गाडी चालवायची नाही. आईबाप सोबत नसतील तर गाडीत एकच जादा माणूस. आणि मागच्या-पुढच्या नंबरप्लेटवर लाल टिकली! दोन टिकल्यांचे चार डॉलर, २०१० पासून सक्तीच्या. आपल्याकडे टिकली म्हणजे सौभाग्य, इथे ती बघून मागचा माणूस दचकतो. आता प्रॉम सुटतं रात्री अकराच्या सुमाराला. म्हणजे बॉलरूममधून बाहेर पडून गाडीची किल्ली शोधेपर्यंत ही सिंड्रेला बेकायदा. सिंड्रेलाला निदान बारापर्यंत तरी सवलत होती.

उबरने २०२३ मध्ये अमेरिकेत तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी खास खातं काढलं, मुलगी कुठवर पोचली ते आईला फोनवर दिसतं. मी ते सुचवून पाहिलं. नातीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला बोहल्यावर सायकलने जायला सांगितलं.

म्हणून बस. जावई आयटीतले, तरी अंगात मुळात लक्ष्मी रोडचं रक्त. त्यांनी एक तक्ता केला, सात बसवाल्यांना फोन केले. अखेर ठरली ती सहा तासांची, अठराशे डॉलरला. वर ड्रायव्हरची वीस टक्के बक्षिसी, ती आधीच बिलात लावलेली. मी म्हटलं, बक्षिसी सक्तीची असते होय? तिला आमच्याकडे कर म्हणतात. एकूण दोन हजार एकशे साठ, भागिले बावीस, दरडोई अठ्ठ्याण्णव डॉलर. लेक म्हणाली, "आई, रुपयांत करू नकोस." तोवर माझं करून झालं होतं.

खरी खमंग गोष्ट यापुढे. बावीस मुलांच्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वऱ्हाडाच्या गाडीत आत्यांना पुढची सीट आणि काकांना खिडकी, यावरून जे मानपान मी आयुष्यभर पाहिले ते या ग्रुपपुढे किरकोळ. कोण कुणाशेजारी बसणार नाही, कुणाला मागच्या सीटवर मळमळतं, कुणाचा गाऊन एवढा घेरदार की त्याला दोन जागा लागतील (मग दोन जागांचे पैसे घ्यायचे का?), कुणाच्या मुलाने अजून पैसे भरले नाहीत. त्यात प्रॉमला सोळा दिवस उरले असताना एका जोडीचं फाटलं. दोघंही म्हणाले, तो असेल तर मी नाही, ती असेल तर मी नाही. झालं, दोन्ही गळाले. बसवाला भाडं कमी करणार नाही, मग उरलेल्या वीसजणांवर एकशे आठ डॉलर आले. म्हणजे एका प्रेमभंगाला प्रत्येकाने दहा डॉलर भरले. अम्मा म्हणाल्या, हैदराबादेत असं झालं असतं तर लोकांनी दहा डॉलरमध्ये दोघांचं जमवून दिलं असतं.

हे सगळं मी तावातावाने बाकावर सांगत होते. नाशिकच्या बाई अचानक म्हणाल्या, "एवढे पैसे घालायचे तर पांढरी लांबलचक लिमोझिन का नाही घेतली? सिनेमात असते तशी." हाच प्रश्न मी घरी विचारला होता. तेव्हा जावयांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तीच मी बाकावर सांगितली.

न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नावाचं गाव आहे. ६ ऑक्टोबर २०१८ ला सतरा मित्रमैत्रिणी एका वाढदिवसाला निघाल्या. प्यायल्यावर कुणी गाडी चालवू नये म्हणून त्यांनी लिमोझिन केली होती, म्हणजे शहाणपणच केलं होतं. ती गाडी म्हणजे कापून, मधे तुकडा जोडून लांबवलेली २००१ ची फोर्ड. सरकारी तपासणीत नापास झालेली. ड्रायव्हरकडे तसली गाडी चालवायचं लायसन नव्हतं. उतारावर ब्रेक गेले. सतराही जण, ड्रायव्हर आणि रस्त्याकडेला उभे असलेले दोघं, अशी वीस माणसं गेली. ती गाडी भाड्याने देणाऱ्याला २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं.

त्या सकाळी बाकावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मला जावयांचा तक्ता वेगळा दिसायला लागला. त्यात भाड्याचा रकाना शेवटी होता. पहिला रकाना होता बसवर रंगवलेला सरकारी डीओटी नंबर, जो वेबसाइटवर टाकला की कंपनीची कुंडली निघते, किती वेळा तपासणी झाली, किती वेळा गाडी जागीच थांबवली गेली. दुसरा, ड्रायव्हरचं लायसन. ड्रायव्हरसकट सोळा किंवा जास्त माणसांची गाडी असली की साधं चालत नाही, प्रवासी वाहतुकीचा खास शिक्का लागतो. तिसरा, विमा. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना अमेरिकेचं सरकार सांगतं की पंधरा माणसांपर्यंतची असेल तर पंधरा लाख डॉलरचा, त्याहून मोठी असेल तर पन्नास लाखांचा विमा हवा. एका बसवाल्याला जावयांनी विम्याचा कागद मागितला, तर तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सहा रंगांचे दिवे आहेत." त्याचं नाव तक्त्यातून तिथेच कटलं. मुलीला स्थळ बघताना माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली नव्हती, हे मी नक्की सांगते.

खरं म्हणजे सगळ्यात सुरक्षित वाहन यांच्या दारासमोरून रोज सकाळी जातं. पिवळी स्कूलबस! इथलं सरकारी रस्ता सुरक्षा खातंच तसं सांगतं. काही शाळा तर प्रॉमला मुलांना शाळेच्या आवारात बोलावून मोठ्या बसने एकत्र नेतात आणि एकत्रच परत आणतात. पण पिवळ्या बसमधून गाऊन नेसून उतरायचं? नातीच्या मते त्यापेक्षा घरी बसून भेंडी चिरलेली बरी. मग आईबाप काय करतात? तोच शुद्धीवरचा, तपासलेला, पगारी ड्रायव्हर आणतात, त्याच्याभोवती दिवे लावतात, गाणी लावतात, आणि हो, एक खांबही उभा करतात. कारल्याच्या भाजीत गूळ घालतात, तशातला प्रकार.

पण गूळ तो गूळ! म्हणून मी बाकावर नाराजी चालूच ठेवली.

प्रॉमच्या दिवशी संध्याकाळी सगळी पलटण आमच्याच अंगणात जमली. फोटोंचं सांगत नाही, त्यात सव्वा तास गेला. बस आली. दार उघडायच्या आधी दोन आया दाराशी उभ्या राहिल्या आणि मुलांच्या पिशव्या, पर्स, कोटाचे खिसे तपासायला लागल्या, सिद्धिविनायकाच्या रांगेत तपासतात तशा. पाण्याची बाटली सील तोडलेली असेल तर जप्त, कारण पाणी आणि व्होडका दिसायला सारखेच. इथे एकविसाव्या वर्षाआधी दारू चालत नाही, आणि बसमध्ये थेंब सापडला तर बस तिथूनच मागे वळवायची, असं करारातच लिहिलेलं होतं. एका मुलाच्या खिशात संशयास्पद डबी सापडली. उघडली तर ओवा. त्याच्या आजीने दिला होता. मी त्या मुलाला मनापासून आशीर्वाद दिला.

ड्रायव्हर पांढऱ्या केसांचा, जाडजूड, हसतमुख. सहा तासांतले चार त्याने हॉलबाहेर गाडीत एकट्याने काढायचे होते. मी त्याला डब्यात चार बेसनाचे लाडू दिले. सक्तीची बक्षिसी आधीच गेली होती, ही माझी खुशीची.

आता 'नंतर'चं काय, तर त्यावर आठवडाभर महाभारत झालं होतं. प्रॉमनंतर पोरं समुद्रकिनारी जातात, सीसाइड हाइट्सला, मोटेलच्या खोल्या घेऊन दोन-दोन दिवस राहतात. नातीने विचारलं, लेक 'नाही' म्हणाली, नात रडली, जावई लॅपटॉपमागे लपले. शेवटी बस सगळ्यांना साडेबाराला आमच्या दारात सोडणार असं ठरलं. (हायस्कूलच्या निरोप समारंभाच्या रात्री तर काही शाळाच मुलांना पहाटेपर्यंत आत ठेवून घेतात, खेळ, खाणं, बक्षिसं देऊन. मेन राज्यात १९८० च्या सुमाराला ही रीत पडली. आपलं हरतालिकेचं जागरण जुनं आहे, पण असो.)

आणि फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावला होता. मॅसॅच्युसेट्सच्या वेलँड गावात १९८१ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध विद्यार्थ्यांची एक संघटना निघाली, सॅड नावाची. हा करारनामा त्यांचा. मुलीने सही करायची, की कधीही अडचण आली, चालवणारा शुद्धीवर नसला, तर मी घरी फोन करीन. आईबापांनी सही करायची, की आम्ही कुठेही, कितीही वाजता न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, बोलणं नंतर. लेकीने सही केली, जावयांनी केली. माझ्यापुढे कुणी पेन धरलं नाही, मीही मागितलं नाही. एका तरी माणसाला प्रश्न विचारायची मोकळीक हवी.

साडेबाराला बस आली नाही. बारा पस्तीसला लेक खिडकीशी. बारा चाळीसला जावई उगाच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, सोमवारचा डबा, शुक्रवारी रात्री. बारा त्रेचाळीसला दिवे दिसले. नात उतरली, केस विस्कटलेले, पायात आईच्या जुन्या चपला. आल्या आल्या म्हणाली, "आजी, वरणभात आहे?" तिथे शंभर जणांच्या पंगतीत तिला कोंबडीचा एक सुका तुकडा मिळाला होता म्हणे.

लेक-जावई कराराने बांधलेले, गप्प उभे. मी ताट वाढलं, तूप घातलं आणि विचारलं, "त्या खांबाचं काय झालं?"

"खांब?" तिने घास तोंडात घातला. "ड्रायव्हर काकांनी बस चालू असताना कुणाला उठूच दिलं नाही. मग आम्ही सगळ्या मुलींनी हाय हिल्स काढून, पट्ट्यांनी त्या खांबाला बांधून ठेवल्या. हरवायला नकोत म्हणून."

म्हणजे माझाच अंदाज बरोबर होता. लोकलमध्येही मुली पर्स अशाच अडकवतात.

सकाळी बाकावर तिघी माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. बा तर चालण्याची फेरीसुद्धा न मारता आल्या होत्या. आता यांना काय सांगू? दोन महिने चघळलेला विषय, आणि शेवटी चपला? मी सावकाश बसले, पदर सारखा केला, तिघींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "त्या खांबाचं तर बाई तुम्ही मला विचारूच नका!"