गुलमंडीचा भाचा

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरच्या प्रत्येक दुकानदाराला वेबसाईट करून देणारा एक भाचा असतो, आणि बहुतेक वेळा तो एकच असतो. रक्ताचं नातं म्हणाल तर तो एखाद्या साडीवाल्याच्या मेव्हण्याचा मुलगा. पण एकदा त्याने एका दुकानाचं काम केलं की पैठण गेटपासून मछली खडकपर्यंत सगळे त्याचे मामा होतात. भाच्याला पैसे द्यायचे नसतात, खाऊ द्यायचा असतो, हे मामांना बरोबर ठाऊक असतं.

त्याला ओळखणं सोपं आहे. पाठीवर बॅग, चेहऱ्यावर गाडी कुठे लावली याची धास्ती. दुकानात त्याची जागा गल्ल्याशेजारच्या स्टुलावर, आणि तिथे प्लग एकच असतो. त्या प्लगवर गणपतीच्या फोटोची लायटिंग चालू असते. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणजे चार्जर हवाच. मामा गणपतीकडे बघतात, भाच्याकडे बघतात, आणि शेवटी पोऱ्याला समोरच्या दुकानातून एक्स्टेन्शन बोर्ड आणायला पिटाळतात.

"किती वेळ लागंल रे?"

"पाच मिनिटं, मामा."

यात तो खोटं बोलत नाही. अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस हे वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं, तेव्हा मुलनवेग एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या भाच्याच्याच वयाचा. त्या वर्डप्रेसचं 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' जगप्रसिद्ध आहे. आज जगातल्या दर पाच वेबसाईटींपैकी निदान दोन त्याच्यावर चालतात, आणि गुलमंडीवरचं प्रमाण तर भाच्यामुळे शंभर टक्क्यांच्या आसपास असावं. होस्टिंगच्या पॅनलवर बटण दाबायचं, साईटचं नाव द्यायचं, युजरनेम, पासवर्ड, झालं. चहा यायच्या आत साईट लाईव्ह.

"हं, आता मजकूर द्या, मामा."

"मजकूर? तो त्याच्यात येत नाही का?"

खरं तर थोडासा येतो. वर्डप्रेस आपणहून एक नमुना पान टाकून ठेवतं, इंग्रजीत. त्यात लिहिलेलं असतं की आमची कंपनी १९७१ साली स्थापन झाली, ती गॉथम सिटीत आहे आणि तिच्यात दोन हजारांवर माणसं काम करतात. गॉथम म्हणजे बॅटमॅनचं गाव. हे पान मालकाने खोडून स्वतःचं लिहावं अशी अपेक्षा असते. मामा लिहीत नाहीत, भाचा खोडत नाही. त्यामुळे सुपारी हनुमानाजवळचं, चार नोकर आणि एक मुनीम असलेलं एखादं साडी सेंटर कागदोपत्री वर्षानुवर्षं गॉथममध्येच नांदत राहतं. मामांनी हे कधी वाचलंच, तर त्यांना फक्त दोन हजार माणसांच्या पगाराची काळजी वाटेल.

'आमच्याविषयी' हे पान लिहून घ्यायला भाचा वही काढून बसतो. स्थापना कधीची? पाटीवर एक साल, बिलबुकावर दुसरं. थोरले काका माडीवरून ओरडतात की दोन्ही चूक. रझाकारांच्या धामधुमीत आपलं दुकान बंद ठेवलं होतं हे मला आठवतं, म्हणजे १९४८ च्या आधीचंच असणार ना. यावर मामा आणि काका यांच्यात जे बोलणं होतं त्यात दुकानाच्या वाटणीचाही विषय निघतो. शेवटी भाचा 'निजामाच्या काळापासून ग्राहकांच्या सेवेत' असं लिहितो आणि घरातली शांतता राखतो. फोटो मागितला तर आजोबांचा हार घातलेला फोटो मिळतो. तोच मग होमपेजवर झळकतो, काचेवर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब आणि खाली सरकती अक्षरं, 'भव्य दिवाळी धमाका'.

पण खरी कसोटी पुढेच असते, भावाची.

"फोटो टाक, रंग टाक, काठ-पदर सगळं टाक. भाव टाकू नको. समोरचा बघंल."

समोरच्याची साईटही भाच्यानेच केलेली आहे आणि तिथेही याच कारणासाठी भाव नाहीत, पण हे सांगणं त्याच्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. अडचण अशी, की ऑनलाईन विक्रीसाठी तो जे वूकॉमर्स नावाचं प्लगइन टाकतो, ते भावाचा रकाना रिकामा असला तर वस्तू विकायलाच तयार होत नाही. खरेदीचं बटणच येत नाही, त्या जागी 'रीड मोअर' येतं. पैठणीखाली 'रीड मोअर', हिमरू शालीखाली 'रीड मोअर'. दाबलं की तोच फोटो जरा मोठा दिसतो. मग मामा महिन्याभराने विचारतात, "एक पण ऑर्डर कशी नाही? काय करायलास तू?"

काही मामा मजकूर देतातही, पण तो छापखान्यातून आणलेला. जुन्या डीटीपी फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. त्यातलं पत्रक साईटवर चिकटवलं, की 'लग्नबस्त्याचे खास दालन' या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंसांची रांग उभी राहते. भाचा रात्रभर जागून ते युनिकोडमध्ये टंकतो. सकाळी मामा म्हणतात, "यात तू काय केलंस? हे तर आम्हीच दिलं होतं."

त्याच्याही चुका असतात. वर्डप्रेसचं घड्याळ मुळात ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलावं लागतं. तो विसरला, आणि पाडव्याला पहाटे सहाला लागणारा सेल साडेअकराला उगवला. विकतची थीम फुकटात मिळते म्हणून उचलणं हा त्याचा मोठा दोष. अशा चोरीच्या थीममध्ये चोरवाट ठेवलेली असते. मग एके दिवशी गुगलवर साडी सेंटरचं नाव टाकलं की खाली जपानी लिपीत बूट, घड्याळं आणि पर्स विकायला निघालेल्या दिसतात. ही बाधा जगभर इतक्या साईटींना झाली आहे, की गुगलने तिच्यावरचा उतारा स्वतंत्रपणे लिहून ठेवला आहे. मामा मात्र घाबरले नाहीत. "जपानला माल चाललाय का आपला?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात किंचित अभिमान होता.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नव्या नावाला केंद्राची मान्यता मिळाली आणि भाच्याला उसंत राहिली नाही. पाटी बदलणारा पेंटर एका दिवसात सुटला. भाच्याचं तसं नव्हतं. इंग्रजीत औरंगाबाद दहा अक्षरांत बसतं, छत्रपती संभाजीनगरला चोवीस लागतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसात काही ठिकाणी मजकुराशेजारी त्याची अक्षरसंख्याही नोंदलेली असते. नुसतं शोधा-आणि-बदला केलं की नाव नवं, आकडा जुना. हिशेब जुळत नाही आणि अर्धी साईट कोसळते. त्यासाठी वेगळी अवजारं आहेत, ती भाच्याला नंतर कळली. तोवर एका मामाचा मेनू उडाला, दुसऱ्याचा नकाशा. तिसऱ्या मामांनी व्यापारी तोडगा काढला: "वर नवं टाक, खाली बारीक अक्षरात जुनं राहू दे. गिऱ्हाईक कोणत्या नावानं शोधंल काय सांगावं?" गुगलवाल्यांनीही हाच सल्ला दिला असता.

एवढं सगळं करून भाचा एक दिवस पुण्याला, हिंजवडीत नोकरीला लागतो. त्याच्याबरोबर त्याचा मोबाईल जातो आणि मोबाईलबरोबर सगळ्या मामांचे ओटीपी. ऐन लग्नसराईत डोमेनची मुदत संपते तेव्हा चार दुकानांतून एकाच वेळी त्याला फोन लागतात आणि तो मीटिंगमध्ये असतो. मग कुणाच्या तरी साडूचा मुलगा बोलावला जातो. तो येतो, गाडी कुठे लावली याची धास्ती घेऊन. स्टुलावर बसतो, साईट उघडतो, खालपर्यंत सरकवतो आणि मान हलवतो.

"मामा, हे कुणी केलंय? सगळं नव्यानं करावं लागंल."

"किती वेळ लागंल?"

"वेळ नाही लागत. मजकूर तेवढा तयार ठेवा."

मामा मुनीमाकडे बघतात. मुनीम माडीकडे बघतो. माडीवरून थोरले काका विचारतात, "कोणतं साल टाकायलाय रे हा?"