मागं कुणी सरकायचं?

एसटीच्या दाराशी गर्दी दाटलेली असते आणि कंडक्टर ओरडत असतो, "मागं सरका, मागं सरका!" कुणी हलत नाही. सूचना शेजाऱ्यासाठी आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते. मुरलेला कंडक्टर आवाज चढवत नाही. "ओ निळा शर्ट, ती बॅग खाली घ्या आणि दोन पावलं मागं व्हा." निळा शर्ट सरकतो, त्याच्या आधारानं अख्खी रांग सरकते.

बोलून काम करून घेण्याची सारी विद्या यात आली. आपलं वाक्य कुणाच्या गळ्यात पडणार, हे तोंड उघडण्याआधी ठरलेलं बरं. सोसायटीच्या सभेत नेमकं उलटं होतं. "कुणीतरी टाकी धुऊन घ्यायला हवी," यावर एकमत होतं, चहा होतो, वेफर्स संपतात, टाकी तशीच राहते. हा 'कुणीतरी' आजवर एकाही सभेला हजर राहिलेला नाही.

सरकारलाही हे कळतं. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात अर्ज कुणाकडे करायचा ते ठरलेलं आहे, जन माहिती अधिकाऱ्याकडे. आणि त्यानं उत्तर द्यायचं ३० दिवसांत. महाराष्ट्रानं २०१२मध्ये नियम आणखी आवळला: अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत. दीडशे शब्दांत आपला नमस्कारसुद्धा आटपत नाही! पाऊसपाणी, साहेबांचं गाव, तीन जुनी गाऱ्हाणी अशी वळणं घेत आपण मुद्द्यापाशी पोचतो, तोवर साहेब जेवायला उठलेले असतात.

आजीला मात्र हे नियम लागू नाहीत. "माळ्यावरचं पातेलं कुणी काढून दिलं असतं तर..." असं ती हवेत सोडून देते, पण नजर थेट मोबाइलमध्ये बुडालेल्या नातवावर. वाक्यात नाव नाही, नजरेत पिनकोडसकट पत्ता.

आमच्या सेक्रेटरींनी शेवटी कंडक्टरचा मार्ग धरला. "काका, रविवारी, दहा वाजता, टाकी." टाकी लखलखली. काका मात्र सेक्रेटरी लिफ्टमध्ये दिसले की दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढू लागले. कामापुरतं बोलणाऱ्याचं काम एकदाच होतं. सेक्रेटरी हुशार, एक दिवस तेही जिन्यानं निघाले आणि त्यांनी गुडघ्यांची चौकशी केली. गुडघ्यांना शब्दमर्यादा नसते. तिसऱ्या मजल्यापर्यंत डावा झाला, पाचव्यापर्यंत उजवा. दाराशी पोचल्यावर काकांनीच विचारलं, "बरं, ती टाकी पुन्हा कधी धुवायची?"