शंभर टक्के आमचेच

सार्वजनिक चार्जिंग केंद्र म्हणजे इलेक्ट्रिक गाडीसाठी पैसे मोजून वीज घेण्याची आणि पैसे न मोजता कुठलीही गाडी उभी करण्याची जागा. पहिला उपयोग सरकारी कागदपत्रांत नोंदलेला आहे; दुसरा जनतेने शोधून काढला.

कायद्याच्या बाजूने सारे ठाकठीक आहे. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे वीज वितरणाला परवाना लागतो. पण चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आणि परवान्याविना केंद्र उघडायची वाट मोकळी झाली. त्याच डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे आली : शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत निदान एक केंद्र, महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक. अंतरे ठरली, प्लगचे प्रकार ठरले. आधी आलेल्याने कधी उठायचे, हा किरकोळ तपशील आलेल्या मंडळींनी आपापल्या सोयीने ठरवायचा असतो.

प्रवेशाचा हक्क नंबरप्लेटवरून कळावा, अशी अपेक्षा होती. २०१८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना हिरवी पाटी मिळाली; खासगी गाडीला त्यावर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला पिवळी. प्रत्यक्षात मानाचा क्रम निराळा लागतो. पहिला मान प्लास्टिकच्या खुर्चीचा. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला जो अधिकार, तोच चार्जरसमोर मांडलेल्या खुर्चीला; फरक इतकाच की रुमालाचा मालक पाच मिनिटांत आत चढतो आणि खुर्चीचा मालक अजून घरून निघालेला नसतो. दुसरा मान डिझेलच्या गाडीचा. तिने चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे असतात. इंडिकेटर लावले की उभी गाडी उभी धरत नाहीत, ही रूढी राज्यभर मान्य आहे. तिसरा मान आवाराच्या मालकाचा : हॉटेलात ‘फक्त ग्राहकांसाठी’, शोरूमवर ‘फक्त आपल्या कंपनीच्या गाड्यांसाठी’, मॉलमध्ये आधी पार्किंगची पावती. एवढे सगळे वजा जाता जे उरते, त्याला सार्वजनिक म्हणतात.

जागा मिळाली म्हणजे वीज मिळाली, असे नव्हे. कंपनीगणिक ॲप वेगळे आणि ॲपगणिक वॉलेट वेगळे. त्यांत थोडे थोडे पैसे अडकवून ठेवणे ही इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची सक्तीची अल्पबचत योजना होय. यंत्र तळघरात असेल तर फोनला रेंज नसते. मग गाडीवाला ओटीपीसाठी रॅम्प चढून उघड्यावर जातो आणि आकडे पुटपुटत खाली येतो, तोवर स्क्रीनवर ‘वेळ संपली’ उमटलेले असते आणि चार्जरची गन दुसऱ्याच्या हातात असते.

रांगेच्या संकेतांची खरी कसोटी जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये लागते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने या मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली. नाक्यावर वाचलेले पैसे फूड मॉलमध्ये चार्जरची वाट पाहताना खर्च करता येतात. इथली रांग डोळ्यांना दिसत नाही. गाड्या मिळेल तिथे पांगलेल्या असतात आणि नंबर तोंडी लागतात. ‘त्या पांढऱ्या गाडीनंतर मी’ असे सांगून माणूस वडापाव खायला जातो. परत येतो तेव्हा पांढऱ्या गाड्या पाच असतात. यंत्राला दोन गन असतील तर पेच वाढतो, कारण अशा अनेक यंत्रांत दुसरी गाडी लागली की शक्ती वाटली जाते. ६० किलोवॅटचे ३० झालेले आधीच्या माणसाला परवडत नाही. म्हणून ‘ती गन बिघडलीय’ असे नवागताला सांगायचे असते, आणि सांगताना चेहरा गंभीर ठेवायचा असतो.

सगळ्यात नाजूक प्रश्न ८० टक्क्यांनंतरचा. बॅटरी भरत आली की तिला इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच वीज कमी कमी घेऊ लागते, त्यामुळे शेवटचे वीस टक्के कमालीचे रेंगाळतात. ८० झाले की जागा सोडावी, हा संकेत यातूनच आला. रांगेत उभे असेतोवर तो सर्वांना तोंडपाठ असतो.

‘काका, किती झाली?’

‘ब्याण्णव.’

‘मग काढताय ना?’

‘होऊ दे की शंभर. लोणावळ्यापर्यंत जायचंय.’

हा संवाद खालापूरला घडतो. भाड्याच्या गाड्या चार्जर अडवून बसतात, अशी पांढऱ्या अक्षरांची कायमची तक्रार असते. पण पिवळ्या अक्षरांच्या चालकाचा प्रत्येक तास पोटाचा असतो. सत्तर-ऐंशी झाले की तो भाडे शोधायला निघतो. शंभरची हौस फुरसतीच्या माणसालाच परवडते.

गाडी लावून गायब झालेल्याचे काय करायचे, याचे उत्तर यंत्रशास्त्राने अवघड करून ठेवले आहे. चार्जिंग चालू असताना गन गाडीत लॉक होते आणि बऱ्याच गाड्यांत चार्जिंग संपले तरी मालकाने गाडी अनलॉक केल्याशिवाय ती निघत नाही. यंत्रावरचे लाल बटण आणीबाणीसाठी आहे. ते दाबले की वीज थांबते, गाडी तिथेच राहते. सभ्य मालक काचेआड फोन नंबर लिहून ठेवतात. त्यावर फोन केला की तो गाडीतच वाजतो. मग शेवटचे अपील वॉचमनकडे. त्याच्याजवळ शिट्टी असते, अधिकार नसतो. माहिती मात्र अचूक असते : ‘सिनेमाला गेलेत. मध्यंतरात येतील.’

यावर उपाय आहे तो पैशांचा. चार्जिंग संपूनही न हललेल्या गाडीला मिनिटागणिक आकार लावण्याची पद्धत टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केली. पाच मिनिटांत गाडी हलवली तर माफी. या आकारातून आपल्याला पैसे मिळूच नयेत, अशी आशाही कंपनीने बोलून दाखवली होती. ही पद्धत आपल्याकडे रुळायची तर आकार शेजारच्या पार्किंगहून महाग हवा. नाहीतर जागा शोधत फिरण्यापेक्षा दंड भरून चार्जरलाच उभे राहणे स्वस्त पडेल आणि दंडाची पावती पार्किंगच्या पावतीसारखी जपून ठेवली जाईल.

दुसरी अडचण अशी की हा आकार चार्जिंग संपल्यावर सुरू होतो आणि ब्याण्णववर चार्जिंग संपलेले नसते. टेस्लाने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही गर्दीच्या केंद्रांवर ९० टक्क्यांपासूनच मीटर सुरू केला. तो नियम इथे आला तर लोक ८९ ला गन काढतील आणि लगेच पुन्हा लावतील. असा माणूस जुना ग्राहक धरायचा की नवा, याचा निवाडा पुन्हा वॉचमनवरच येईल.