जोडीनं जावं, पण कुठं?

परभणी जिल्ह्यातल्या नवरा-बायकोला दोघांनीच दोन दिवस कुठंतरी जाऊन नुसतं पडून राहावंसं वाटलं, तर पहिली अडचण पैशाची नसते, कारणाची असते. जोडीनं प्रवास करायला आपल्याकडं मान्यता नाही असं नाही, पण ती देवाच्या नावावर आहे. नवी सून घरात आली की तुळजापूरला जोडीनं जा, औंढ्याला अभिषेकाला जोडीनं बसा, जमलं तर तिरुपतीही करून या. कुणी हूं की चूं करत नाही, उलट प्रसादाचे लाडू किती आणायचे ते सांगून ठेवतात. पण 'दोघंच चाललो, काम काही नाही, जरा आराम करून येतो' असं म्हणून बघा. 'कामून? घरी काय दगडं फोडायलेत का?' हा प्रश्न सासूनं विचारला नाही तर आत्याबाई विचारतात, आणि आत्याबाई सेलूला असतील तर फोन करून विचारतात. त्यामुळं शहर निवडण्याचा जो शहाणपणाचा विचार करायचा, तो गुपचूप करावा लागतो, आणि गुपचूप केलेल्या विचारात चुका फार होतात. म्हणून तो इथं उघडपणे मांडून ठेवलेला बरा.

निवड तशी दोनच शहरांत आहे. निजामाच्या अमदानीत, 1900 च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे नावाची जी मीटरगेज टाकली गेली, तिच्या एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाला मनमाड आणि मध्ये परभणी. मनमाडच्या बाजूला बसलात तर मानवत रोड, सेलू, परतूर, जालना करत पावणेदोनशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. उलट्या बाजूला बसलात तर पूर्णा, नांदेड, बासर, निजामाबाद करत त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर हैदराबाद. पुणं आणि मुंबई मी मुद्दाम धरत नाही. तिथं आपल्या माणसांची पोरं नोकरीला असतात, आणि पोरांकडं जाऊन आराम करून आल्याचं उदाहरण परभणी जिल्ह्यात सापडणं कठीण. दहापैकी नऊ जण अंतर बघून, तिकीट बघून, 'जवळ आहे, वेरूळ आहे, सगळं आहे' म्हणत संभाजीनगरवर बोट ठेवतात. माझं म्हणणं असं, की 'सगळं आहे' हाच त्या शहरातला दोष आहे. दोन दिवसांच्या विश्रांतीसाठी शहर निवडताना आपलं तिथं काय अडलेलं आहे तेवढंच तपासावं, आणि जिथं काही अडलेलं नाही तिथली गाडी धरावी.

हा नियम हवेतून काढलेला नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. 1956 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तेव्हा अपील हैदराबादला, वरचं शिक्षण हैदराबादला, मंत्र्याच्या बंगल्याबाहेर ताटकळणंही हैदराबादला. त्या काळातल्या जोडप्यानं आरामासाठी हैदराबाद निवडलं असतं, तर मी हात जोडून अडवलं असतं. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि आपली कामं एकेक करून रूळ बदलायला लागली. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला निघालं, ऐंशीच्या दशकात उच्च न्यायालयाचं खंडपीठ तिथं आलं, विभागीय आयुक्त तिथं, बोर्डाचं विभागीय कार्यालय तिथं, घाटीचा सरकारी दवाखाना तिथं. थोडक्यात, जमिनीच्या वादाची तारीख, पोराच्या मार्कमेमोतली नावाची चूक आणि काकांचा गुडघा, या सगळ्यांची वाट आता एकाच शहराकडं जाते. संभाजीनगरला चाललो म्हटलं की शेजारी पाकीटच हातात देतो: 'जायलाच लागलात तर एवढं आयुक्तालयात टाका, दोन मिनिटांचं काम आहे.' आयुक्तालयातलं दोन मिनिटांचं काम कुणी दोन मिनिटांत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कामातून सुटलात तर नातेवाईक आहेत. सिडकोत एन-वन, एन-टू असे जे क्रमांक लागतात, त्यातल्या प्रत्येक क्रमांकात परभणी जिल्ह्यातलं निदान एक घर असतंच असतं. ही माणसं प्रेमळ आहेत, हीच खरी पंचाईत. लॉजवर उतरलात हे कळलं तर वर्षभर बोलणार नाहीत, आणि त्यांच्याकडं उतरलात तर बायका स्वयंपाकघरात, पुरुष हॉलमध्ये, आणि जोडप्याची भेट थेट परतीच्या गाडीत. 'कळवायचंच नाही' हा उपाय सुचतो, पण तो टिकत नाही. संध्याकाळी कॅनॉटला पाणीपुरी खाताना मागून 'अरे, तुम्ही कधी आलात?' असा आवाज यायचाच.

त्यातूनही वाचलात तर वारसा आहे. वेरूळच्या 34 लेण्यांपुढं उभं राहून 'आपण आराम करायला आलोय' हे म्हणायला फार मोठी छाती लागते. आठव्या शतकातल्या माणसांनी अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला, आणि आपण खोलीवर पंखा लावून पडायचं? माणसाला लाज वाटते. मग सकाळी दौलताबादची चढण, तिथली अंधारी, पुढं खुलताबादचा भद्रा मारुती, मग लेणी, मग घृष्णेश्वर. तोही ज्योतिर्लिंग, म्हणजे रांग. येताना पाणचक्की आणि दिवेलागणीला बीबी का मकबरा. हा मकबरा नवऱ्यानं बायकोसाठी बांधला असं कुणी सांगतं, मुलानं आईसाठी असं कुणी सांगतं. वाद काहीही असो, ज्यांच्यासाठी तो बांधला त्या दिलरस बानू 1657 मध्ये गेल्या आणि इमारत नंतर उठली. बायकोसाठी काही करायचं ते तिच्या हयातीत करावं, एवढा बोध घेऊन जोडपं तिथल्या बाकावर बसतं, तोवर बंद व्हायची वेळ होते. दुसरा दिवस अजिंठ्याचा, जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी परभणी स्टेशनवर उतरलेल्या त्या दोघांकडं पाहून कुणीही सांगेल, की यांना आता विश्रांतीची गरज आहे. तरीही संभाजीनगरच करायचं असेल त्यांच्यासाठी एक तोड आहे: सोमवार-मंगळवार गाठा, आणि क्रम उलटा धरा, आधी अजिंठा, मग वेरूळ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आपण बघायला तयार होतो, पुरातत्त्व खात्यानं बघू दिलं नाही, अशा स्वच्छ मनानं झोपता येतं.

हैदराबादचं तसं नाही. ते शहर एवढं पसरलं आहे, की त्यानं नातेवाइकांचा प्रश्न आपोआप सोडवला. आपला मावसभाऊ कुकटपल्लीला असेल आणि आपण नामपल्लीला उतरलो असू, तर तोच फोनवर म्हणतो, 'इकडं येऊ नका दादा, ट्रॅफिकमध्ये मराल.' दोन्ही बाजूंचं प्रेम शाबूत राहतं आणि कुणाच्या घरी पिठलं-भाकरी टाकावी लागत नाही. परक्या राज्यात असून परकेपण जाणवत नाही. परभणीच्या बाजारात ऐकून कानाला सरावलेली दख्खनी तिथंही चालते, त्यामुळं रिक्षावाल्याशी भांडायला तेलुगू शिकावी लागत नाही. बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते अंगावर येत नाही. 1591 चा चारमिनार रस्त्याच्या मधोमध उभा आहे. समोरच्या इराणी हॉटेलातून, बशीत चहा ओतून, उस्मानिया बिस्कीट बुडवत तो पूर्ण दिसतो. गोवळकोंड्याला खालच्या दरवाजात टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू जाते. आपण टाळी वाजवावी. तीन-साडेतीनशे पायऱ्या चढून ती ऐकण्याचं काम दुसऱ्या जोडप्याला करू द्यावं. सालारजंग संग्रहालयात एक घड्याळ आहे, त्यातून दर तासाला एक चिमुकला माणूस येऊन टोले देतो, आणि ते बघायला लोक आधीपासून गर्दी करून बसतात. ज्या शहरात वेळ जाताना बघणं हाच कार्यक्रम आहे, त्याच्याहून आरामाचं शहर मराठवाड्याच्या आसपास तरी नाही.

आक्षेप येतील, त्यातला सगळ्यात जड दवाखान्याचा. आपल्या भागात 'हैदराबादला नेलं' हे वाक्य ऐकलं की माणसं उभ्यानं खाली बसतात. ऑपरेशन मोठं असल्याशिवाय ते कुणी बोलत नाही. उस्मानिया बिस्कीटसुद्धा उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी निघालं अशी आख्यायिका आहे. पण या आक्षेपातच कारणाची अडचण सुटते. 'डोळे दाखवून येतो' म्हटलं की दोघांनीच का जायचं हे कुणी विचारत नाही. फक्त आजार बेतानं निवडावा. हृदयाचं नाव घेतलंत तर अर्धं गाव जीपनं मागं येईल. चष्म्याच्या नंबरावर भागवावं. घरच्यांशी खोटं बोलणं वाईट, हे कबूल. पण चारमिनार नीट दिसतो की नाही हे पाहणं हीसुद्धा नजरेची तपासणीच झाली.

दुसरा आक्षेप खरेदीचा: लाड बाजारातल्या बांगड्या, पत्थरगट्टीचे मोती, मग कसला आराम? हा आक्षेप घेणारे बहुतेक नवरे असतात, आणि त्यांना आराम म्हणजे बायकोनंही हलू नये असं वाटतं. तिनं दोन तास बांगड्या बघाव्यात, यानं दोन तास चहा घेत बसावं. एकमेकांच्या तोंडासमोर अठ्ठेचाळीस तास राहिल्यानं प्रेम वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा, आणि त्याला मी हसणार नाही. ज्यांच्या घरानं रझाकारांचे दिवस पाहिले, त्यांना हैदराबादचं नाव आरामाशी जोडणं जड जातं. पण तो झगडा निजामाच्या राजवटीशी होता. त्या लढ्याचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ स्वातंत्र्यानंतरही हैदराबादलाच राहिले, 1972 मध्ये तिथंच गेले आणि त्यांची समाधी बेगमपेठेत आहे. त्यांना जे शहर चाललं, ते आपल्याला दोन रात्री चालायला हरकत नाही. उरला अंतराचा मुद्दा. परभणी ते मुदखेड रूळ दुहेरी झाले आहेत. मनमाडच्या बाजूला एकेरी रुळावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठल्याशा स्टेशनात बाजूला उभं राहण्याचा योग आहेच. शिवाय लांबचा प्रवास रात्रीचा असतो, झोपेत जातो. पावणेदोनशे किलोमीटर बसून जाण्यापेक्षा दुप्पट अंतर आडवं पडून गेलेलं केव्हाही बरं.

हल्ली पुण्या-बंगळुरात कमावणारी आपल्याच जिल्ह्यातली जोडपी सेव्हिल की व्हॅलेन्सिया अशा पेचात असतात. 2011 च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'नं स्पेन घरोघरी पोचवलं, तेव्हापासून. एकीकडं अल्काझारचा राजवाडा, दुसरीकडं समुद्रकिनारा. तास तास चर्चा चालते. वास्तविक हा पेच आपल्यापेक्षा सोपा आहे. सेव्हिलच्या कोर्टात परभणीकराची तारीख नसते आणि व्हॅलेन्सियात कुणाची आत्याबाई नसते, तेव्हा चिठ्ठी टाकली तरी भागतं. मात्र दुपारी दुकानं ओढून घेऊन झोपायची तिथली पद्धत बघायला एवढे पैसे मोडायचे असतील, तर मे महिन्यात परभणीच्या बाजारात दोन वाजता चक्कर मारावी. सेव्हिलचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, आपलाही ओलांडतो. त्यांची झोप पर्यटकांना दाखवली जाते, आपली 'शेठ जेवायला गेलेत' या सदरात मोडते. यावर 'मग घरीच झोपा ना' असं कुणी म्हणेल. घरी झोपता येतं, पण दुधवाला, वीजबिल, पाण्याची पाळी आणि आत्याबाईंचा फोन यांच्या मधल्या मधल्या वेळात.

तेव्हा माझा कौल हैदराबादला. हिवाळ्यात जावं, उन्हाळ्यात हुसेनसागरच्या काठी हवेबरोबर वासही येतो. रमझानच्या संध्याकाळी हलीम उत्तम मिळतो, पण जुन्या शहरात पाय ठेवायला जागा मिळत नाही. पोटाला की पाठीला आराम हवा ते आधी ठरवावं. रामोजी फिल्म सिटीला जाऊ नये. तिथं अख्खा दिवस पायांवर जातो. दिवसाला एकच गोष्ट बघावी आणि तीही चहानंतर. घड्याळातला तो माणूस बघायचा असेल तर शुक्रवार टाळा. आणि दोघांपैकी एकाला जरी प्रत्येक कपाटाखालची पाटी वाचत जायची सवय असेल, तर शुक्रवारीच जा: सालारजंग आणि चौमहल्ला, दोन्ही त्या दिवशी बंद असतात.