वडापवाल्यांसाठी मोटारबोट

निपाणीच्या सीमाभागात मोटारबोट शिकायचा हंगाम एकच, आषाढ-श्रावण. एरवी वेदगंगा आणि दूधगंगा या एसटीच्या खिडकीतून बघायच्या नद्या. मग वर पाटगाव-काळम्मावाडीकडं पाऊस धरतो. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड असे पूल एकेक करून पाण्याखाली जातात. जुलै २०२१ मध्ये तर यमगर्णीजवळ महामार्गच पाण्यात गेला होता. गावात बोट येते आणि ती चालवायला माणूस शोधतात. ज्याला वडापची जीप येते तो हात वर करतो. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी.

पाव्हणं, आधी ब्रेक शोधायचं थांबवा. नाही तो. पायाला जे लागतंय ते बोटीचं बूड आहे, दाबून काही होणार नाही. वेग कमी केला तरी बोट पुढं जातच राहते, आणि ओढ असेल तर नदी नेईल तिकडं जाते. तवंदी घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांनी तर इथं विशेष लक्ष द्यावं. घाटात न्यूट्रलमध्ये स्टेअरिंग तरी वळतं. इथं मागचा पंखा थांबला की वळणंही संपलं. शिवाय मशीनचा दांडा उजवीकडं ढकलला की बोटीचं नाक डावीकडं जातं. पहिली दहा मिनिटं कुणालाही न घेता, संथ पाण्यात, हा उलटा हिशेब हाताला शिकवा. बघ्यांना हसू द्या.

समोरून दुसरी बोट आली तर? दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं. रस्त्यावर डावी बाजू, पाण्यावर उजवी. १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियमच तसे आहेत. उसाच्या ट्रॅक्टरला राँग साईडनं ओलांडायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा धडा सोपा जाईल.

लाल दोरी असते एक, मशीनला जोडलेली. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन बंद होतं आणि पंखा त्याच्याच अंगावर फिरत येत नाही. ती लिंबू-मिरचीसारखी नुसती लटकवू नका. लाईफ जॅकेटचंही तेच. ते बसायला गादी म्हणून दिलेलं नसतं.

पुराच्या पाण्याखाली रस्ता नसतो, ऊस असतो. त्याचा पाला पंख्याला गुंडाळतो आणि मशीन गुदमरतं. अशा वेळी इंजिन बंद करून, पंखा वर उचलूनच पाला काढा. चालू पंख्यात हात घालायचा नाही. वर विजेच्या तारा बघा. एरवी डोक्यावर दोन पुरुष उंच असणारी तार पुरात हाताला लागते.

आता मुख्य धडा. वडापचा.

आपल्याकडं जीप भरत नाही, सरकते. "काय हुतंय ओ, सरका जरा," म्हटलं की बारावा माणूस मावतो, तेरावा मागं लोंबकळतो, आणि कुणाला नाही म्हणणं म्हणजे माणुसकी सोडणं. हीच माणुसकी बोटीत घात करते. पाण्यावरचा बेफाम माणूस म्हणजे नुसता जोरात पळवणारा नव्हे. आपल्याकडं तो बहुधा भिडस्त असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात, कृष्णा-येरळेच्या काठच्या ब्रह्मनाळमध्ये, पुरातून बाहेर काढलेल्या माणसांची बोट उलटली. तिच्यात पेलवतील त्याहून जास्त माणसं होती. सगळ्यांनाच घाई होती, आणि सगळ्यांचीच घाई खरी होती. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. तिथं चूक धडकणाऱ्याची. पण ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या बोटीवरही शंभरावर माणसं होती.

आमच्याकडं जुन्या पुरात माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पैलतीराला जात. काहील गोल, तिला ना नाक ना शेपूट, ती गरगर फिरायची. पण तिचा एक गुण होता. काठ आणि पाणी यात किती बोटं अंतर उरलंय ते बसलेल्याला डोळ्यांनी दिसायचं, म्हणून "अजून एक बसा" असं काहिलीतलं कुणी म्हणत नसे. मोटारबोटीत हे अंतर कुणी बघत नाही, मशीनच्या आवाजानं धीर येतो. तेव्हा बोटीवर आकडा लिहिलेला असेल तो मोठ्यानं वाचा, आणि तिथंच थांबा. गॅसची टाकी, धान्याची पोती, वासरू ही माणसंच धरायची. भरल्यावर कुणी उभं राहायचं नाही. काठावर भावकी दिसली की सगळे एकाच बाजूला झुकतात, तेही बंद.

काठाला लागताना नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा आणि दोर बांधून होईस्तोवर इंजिन चालू. त्या काठावर राज्य कुठलं, हे उतरल्यावर विचारा.

मग लगेच परत फिरा. आकडा भरला म्हणून पहिल्या खेपेला उतरवलेले दाजी अजून तोंड फिरवून बसले असतील. त्यांना आधी घ्या, जॅकेट घाला, आणि मधोमध बसवा.