अण्णांची गाडी अजून बसतेय

अण्णा कुठलंही काम अर्धवट सोडत नाहीत. पाऊण झाल्यावर सोडतात. उरलेला पाव हिस्सा बहुधा न दिसणारा असतो, आणि जे चारचौघांना दिसत नाही त्यावर पैसे घालायला अण्णांचा तात्त्विक विरोध आहे. बंगल्याच्या दर्शनी भिंतीला टेक्स्चर आहे. मागच्या विटा कित्येक पावसाळे गिलाव्याची वाट बघताहेत. फाटकावर पितळी अक्षरांत नाव आहे, पण घंटीचं बटण दाबून काही होत नाही. "वायर ओढायचीय," असं अण्णा स्वतः दार उघडून सांगतात.

निफाडच्या बाजूला द्राक्षानं एखाद्या साली हात दिला की कुणी शेततळं खोदतं, कुणी ट्रॅक्टर बदलतं. अण्णांनी इसुझूची व्ही-क्रॉस घेतली, मागे हौदा असलेली. आणि नवेपण ओसरायच्या आत तिची उंची दोन इंच वाढवून घेतली. पुढे स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर बसले, मागे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे, खाली दांडगे टायर. कंपनीनं दिलेल्या गाडीत असे मूळ बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, असं मी सुचवून पाहिलं. "गुरुजी, आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी कुठल्या कलमाखाली परवानगी घेतलीय?" अण्णांनी विचारलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, गप्प बसलो.

उंची वाढली तसे हेडलाइटचे झोतही वर गेले. रात्री समोरून येणारे लोक डोळे दिपून अण्णांना डिपर मारू लागले. अण्णाही उलट मारत. "बघा, केवढी ओळख आहे आपली महामार्गावर!" वहिनींना गाडीत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागू लागलं. ते हौद्यात असायचं, त्यामुळे ते काढायला आधी कुणीतरी हौद्यात चढावं लागे. बहुधा मीच चढे.

आता मुद्द्याचं. पिंपळगावच्या अलीकडे अलाइनमेंटचं दुकान असलेले एक मिस्त्री आहेत. कमी बोलतात. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "अण्णा, हाइट बदललीय. अलाइनमेंट करून घ्या. आजच."

"आज नको," अण्णा म्हणाले, "अजून बसायचीय. नवीन काम आहे. बसू दे, मग करू."

अण्णांचं अज्ञान कधीच शंभर टक्के नसतं. तसं असतं तर वाद तरी मिटला असता. नव्या स्प्रिंगा, रबरी बुश, बोल्ट हे सगळं काही दिवस गाडी चालल्यावर जागेवर बसतं आणि उंची थोडी उतरते, हे अगदी खरं. म्हणून साधारण 500 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून अलाइनमेंट पुन्हा तपासायचं असतं. मिस्त्रीही तेच म्हणाले, फक्त "पुन्हा" या शब्दावर जोर देऊन.

"म्हणजे दोनदा?"

"दोनदा. आज एकदा, बसल्यावर एकदा."

"मग आजचं वायाच की!"

मिस्त्रींनी त्यांना खाली वाकायला लावलं. मागचं फार मनावर घेऊ नका म्हणाले. मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, ठोकळा घातल्यानं चाक कलत नाही. खेळ पुढचा. पुढे दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर सुटी लोंबतात. गाडी वर उचलली की ते आर्म खाली झुकतात आणि चाकाचा माथा बाहेर कलतो, तो कॅम्बर. टाय रॉड तिरका होतो, त्याची पोच बदलते आणि चाकांची तोंडं वाकडी होतात; तो टो. टायर सगळ्यात जास्त खातो तो हाच. पाचशे किलोमीटर बसायची वाट बघत वाकडं चाक फरफटवायचं कशाला?

अण्णांना पटेना, तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्याच बागेत शिरून सांगितलं. "एप्रिलची खरड छाटणी का करता हो? द्राक्षं तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतात. एप्रिलची वायाच की!"

अण्णा क्षणभर हलले. एप्रिलला काडी तयार केली नाही तर ऑक्टोबरला घडाऐवजी नुसती वेल हाती येते, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक? पण सावरून म्हणाले, "ती द्राक्षं. हे लोखंड."

आणि गाडी बसू लागली. पाचशे किलोमीटर झाले, हजार झाले, दोन हजार झाले. "बसतेय," अण्णा म्हणत. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावं लागे. कारण विचारलं तर म्हणत, "रस्त्याला उतार असतो, पाणी जायला." उतार असतोच, पण आपण डावीकडून चालतो म्हणून तो डावीकडे नेतो, अण्णांची गाडी उजवीकडे ओढत होती. हे मी बोललो नाही, कारण परत येताना स्टूल अण्णांच्याच हातात होतं.

शेवटी टायरनं तोंड उघडलं. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा गुळगुळीत झाल्या. मिस्त्रींनी अण्णांचा तळवा धरून नक्षीवरून आडवा फिरवला: एका दिशेनं मऊ, उलट फिरवला की करवतीसारखा टोचणारा. टो बिघडल्याची ही सही. हजाराच्या आतलं अलाइनमेंट वाचवून अण्णांनी दहा हजारांच्या वरचे दोन टायर घेतले. टायर घेताना मात्र घासाघीस केली नाही. टायर दिसतात.

मग एकदाचं अलाइनमेंट झालं. मिस्त्रींनी आधी हवा तपासली, चाकांवर यंत्राची डोळेदार पाटी चढवली, आर्मवरून कॅम्बर जमेल तितका आवरला, मग टाय रॉड फिरवून टो आणला. पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होताना अण्णांनी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. अलाइनमेंटही दाखवता येतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

वहिनींनी त्या फोटोखाली लिहिलं, "आता गाडी खाली घ्या. माझा गुडघा आणखी बसायचा राहिलेला नाही."

घरात वहिनींचं कलम 52 च्या वर चालतं. आठवड्याभरात स्पेसर निघाले, ठोकळे निघाले, गाडी कंपनीच्या उंचीवर आली. अण्णा घाईत निघाले, तेव्हा मिस्त्री आडवे आले. "अण्णा, अलाइनमेंट. हाइट बदललीय."

"बदलली कुठं? होती तिथं परत आली. गाडी मूळ जागेवर आली म्हणजे अलाइनमेंटही मूळ जागेवर आलं!"

"आणि मधे मी टाय रॉड फिरवला, त्याचं काय?"

अण्णांनी काच वर घेता घेता सांगितलं, "तो तुम्ही फिरवलात. मी नाही."